महालक्ष्मीचा उजवा हात

प्रताप नगर, नागपूर
ता. ५ ऑगस्ट १९८१, नागपंचमी

चि. सौ. गोपिका हिला तुझ्या सासऱ्याचे, मामाजीचे, अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुझ्या बाबांचं पत्र वैशाखात आलं. रामाजींनी त्यात एकच गोष्ट विचारली होती, मुलीला परत पाठवू की नको ते एकदा कळवा. त्या एका ओळीचं उत्तर द्यायला मला तीन महिने लागले. लिहायला बसलो नाही असं नाही. चार-पाच वेळा बसलो. एकदा 'पत्र पावले, मजकूर समजला' इथपर्यंत आलो आणि दूधवाल्याने आवाज दिला म्हणून उठलो, तो उठलोच.

इकडे सर्व ठीक. सर्व ठीक म्हणजे माझं पोट नेहमीसारखंच, गुडघे सकाळी धरतात. पोराचं म्हणशील तर, ताराचंद खापरखेड्याला कामावरच्या कॉलनीतच राहतो, रविवारी येतो. वाळला आहे. कॅन्टीनचं खाऊन माणूस किती दिवस काढणार? डब्याचं विचारलं की चिडतो. तू बालवाडीत शिकवायला जातेस असं ऐकलं. जाता-येता रस्त्याने जपून जात जा, ट्रक फार झाले आहेत.

आज बसलो त्याला कारण आहे. आज नागपंचमी, चिरायचं कापायचं नाही. म्हणून पक्कड, कात्री, तार सगळं पेटीत टाकलं आणि हात रिकामे झाले. गेला महिनाभर मी एका कामात आहे. आपल्या महालक्ष्म्यांचे हात नवे करतो आहे.

तुला माहीतच आहे, आपल्या महालक्ष्म्या उभ्या असतात. लोखंडी तिवईवर धड, वर पितळी मुखवटा, साडी नेसवली की दोन बाया घरात येऊन उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. मुखवटे माझ्या आजीच्या वेळचे. हात मात्र अगदीच कच्चे होते. आत बांबूची कामटी, तिच्यावर कापूस, वरून कापड शिवलेलं, आणि बोटं म्हणजे कापसाच्या वाती. वळत नाहीत, काही धरत नाहीत. आता कामटी काढून आत तारेचा सांगाडा घालतो आहे. बिजली खात्यात तीस वर्षं खांबावर चढलो, तारेशिवाय दुसरं मला काय येतं?

पण खांबाची तार वेगळी आणि बोटाची वेगळी. आधी तांब्याची घेतली. ती इतकी मऊ की बांगड्या चढवल्या की पंजा खाली मान घालतो. मग लोखंडी घेतली. ती वाकवली की परत येते, आणि जास्त वेळा वाकवली की तुटते. शेवटी अ‍ॅल्युमिनियमच्या दोन-दोन तारांना पीळ देऊन एकेक बोट केलं. तारेचं टोक कापडातून बाहेर येऊ नये म्हणून शेंड्याला छोटा वेढा दिला. तळव्याच्या जागी प्लायवूडचा तुकडा, त्याला पाच भोकं. मनगटापासून वर सळई, आणि खांद्यापाशी नट-बोल्ट. आता बोट वाकवलं की वाकलेलं राहतं.

मापाची पंचाईत झाली. आधी माझाच हात वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिल फिरवली. त्या मापाने केलेला पंजा मुखवट्याशेजारी धरला तर पैलवानाचा वाटला. बाईच्या हाताचं माप कुठून आणू? घरात बाईच नाही. मग स्वयंपाकघराच्या दारापाशी लक्ष गेलं. तू लग्न होऊन आलीस त्या दिवशीचे हळदीचे हात तिथे आहेत. मागच्या दिवाळीत चुना मारायचा होता, पण तुझी सासू मनकर्णा कोजागिरीच्या आधीच गेली, घराला सुतक, चुना राहिला. त्या हातांवर कागद धरून माप घेतलं. तुला न विचारता घेतलं. तुझी करंगळी जरा आखूड आहे, तीही तशीच ठेवली.

एवढं जपून केलं आणि काय केलं असेल? चारही हातांची बोटं एकाच बाजूला वळवली. चार उजवे हात झाले! शेजारच्या सिंधूताई पीठ मागायला आल्या होत्या, त्यांनी पाहिलं.

"काहो भाऊजी, चारही उजवे? देवीले आपण जेवायले बोलावतो, तुम्ही तं तिले पंगत वाढायले लावून राहिले!"

हसत हसत ओट्यावर बसल्या. मलाही हसू आलं. घरात हसण्याचा आवाज किती दिवसांनी झाला ते मोजलं नाही. दोन पंजे सोडवून पुन्हा केले, डावे.

मनात भीती होतीच, देवीच्या अंगाला असं उघडून सांगाडा बदलणं चालतं का? बापूजी भटजींना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "चंद्रभान, देवी मुखवट्यात येते. हात तुम्ही लाकडाचे करा का तारेचे करा, तिले त्याचं काही नाही. तुमच्या मनात दुसरंच काही आहे काय गा?"

मी म्हटलं, नाही. दक्षिणा ठेवली आणि निघालो. रस्त्यात छत्री विसरल्याचं आठवलं, तरी परत गेलो नाही. त्यांनी पुन्हा विचारलं असतं.

मागच्या रविवारी ताराचंद आला. सतरंजीवर चार हात मांडलेले पाहून दारातच थांबला.

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"हात."

"ते दिसते. पण काहून? यंदा महालक्ष्म्या बसवणार कोण? साडी कोण नेसवणार? घरात बाई हाये काय?"

मी म्हटलं, "गोपिकाले बोलावतो."

त्याने चपला काढल्या. मग म्हणाला, "आई काय सांगून गेली ते तुमच्या समोरच सांगितलं न? मी आईचा शब्द कसा मोडू? मले काय ती नको आहे काय?" आणि तोंड धुवायला मागे गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. तो जेवला, मी वाढलं. बस आली, गेला.

(इथे उठलो होतो. सिंधूताईंनी उकडलेले कानवले पाठवले, आज तवा ठेवत नाहीत म्हणून. दोन खाल्ले. भांडं घासून त्यांना परत देऊन आलो. मग अंगण झाडलं. आता काही काम उरलेलं नाही.)

गोपिका, आता लिहितो.

मागच्या वर्षी महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी तू ज्येष्ठेच्या उजव्या हातात बांगड्या चढवत होतीस. पाचवी की सहावी बांगडी असेल. मनगट मोडलं आणि हात तुझ्या ओंजळीत आला. घरात सात-आठ बाया होत्या. माझी बहीण मीराबाई ओरडली, "अवं बाई, देवीचा उजवा हात मोडला वं हिनं!" मनकर्णा तुला सगळ्यांसमोर नको ते बोलली. तू एवढंच म्हणालीस, मी जोर नाही केला आई, मी हळूच चढवत होते.

तू हळूच चढवत होतीस. मला ते माहीत होतं. तो हात आधीच मोडलेला होता. माझ्या हातून मोडला होता.

मनकर्णा अक्षय तृतीयेपासून माझ्या मागे लागली होती, पेटी माळ्यावरून काढा, हात उन्हात ठेवा, कामटीला कीड लागते. मी दरवेळी म्हणायचो, ठेवले होते. एकदाही ठेवले नव्हते. महालक्ष्म्यांच्या चार दिवस आधी पेटी उघडली. उजवा हात उचलला तर मनगट माझ्या मुठीतच वाकलं. आत कामटीचा भुसा झाला होता. मनकर्णा रागावेल, खोटं बोललो ते कळेल, एवढीच भीती. बायकोच्या बोलण्याची भीती, बाकी काही नाही. मी शिवण उसवली, झाडूची एक काडी आत घातली, डिंक लावला, दोऱ्याने गुंडाळलं आणि परत शिवलं. तीन दिवस तर काढायचे आहेत, निघतील असं वाटलं. बांगड्या चढवायला मनगट दाबावं लागतं हे मनातच आलं नाही.

तुझ्या हातात तो पंजा होता आणि तू माझ्याकडे पाहिलंस. मी पाट घेऊन दारात उभा होतो. मी पाट खाली ठेवला आणि बाहेर गेलो.

पुढे महिन्याभरात मनकर्णाला लकवा झाला. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले रक्तदाब होता, वर्षानुवर्षं होता. पण बायांनी उजवा हात आणि उजवा हात जोडून टाकला. मीराबाई प्रत्येकाला तेच सांगायची. आणि शेवटच्या आठवड्यात मनकर्णा तिच्या त्या अडखळत्या बोलण्यात ताराचंदला म्हणाली, "गोपिकाले देवीले हात लावू देऊ नको." तू तेव्हा तिचीच चादर धुवायला मोरीत होतीस. मी खाटेशी बसलो होतो, चमच्याने पाणी पाजत होतो. मी आणखी एक चमचा पाणी दिलं.

ती तेच धरून गेली. तेरावं झाल्यावर मीराबाई रामाजींना म्हणाली, घेऊन जा तुमची पोर, आणि मी तेव्हाही अंगणातच होतो. तुझी ट्रंक रामाजींनी एकट्याने उचलली. मी हातभारही लावला नाही. त्या ट्रंकेला हात लावायची मला लाज वाटली, ते त्यांना कसं कळणार? त्यांना वाटलं असेल म्हातारा माजला.

देवीचा हात मोडल्याने मनकर्णा गेली का, हे मला माहीत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, डॉक्टरचंही पटतं आणि बायांचंही पटतं. पण तसं असेल तर ते माझ्यावर आहे. तुझ्यावर त्यातलं काहीच नाही. दहा महिने मी ते तुझ्या डोक्यावर राहू दिलं आणि इथे बसून गुडघे चोळत राहिलो.

हात नवे करायला घेतले तेव्हा वाटलं, हे चांगले झाले की मन हलकं होईल. झाले चांगले. बोटं हवी तशी वळतात. मन काही हलकं झालं नाही. हातांनी करायचं काम मी केलं, तोंडाने करायचं राहिलं.

ताराचंद आईचा शब्द धरून बसला आहे. तो शब्द तिने माझ्या खोट्यावर दिला. येत्या रविवारी तो येईल तेव्हा त्याला सगळं सांगणार. मी भित्रा आहे, हे तुला आता कळलंच. म्हणून हे पत्र रविवारच्या आधी टाकतो. पेटीत पडलं की मला मागे घेता येणार नाही, मग त्याला सांगावंच लागेल. तो माझ्याशी बोलेल की नाही, माहीत नाही. नाही बोलला तर त्याचं बरोबर आहे.

हे पत्र रामाजींना वाचून दाखव. लपवू नको. मुलीला पाठवू की नको असं त्यांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर देण्याचा हक्क माझा नाही, तुझा आहे. त्यांना म्हणावं, चंद्रभानने तुमच्या दारात येऊन पाया पडायला हवं होतं. तू म्हणशील तर येईन. न विचारता आलो तर तुम्हाला शेजाऱ्यांसमोर अवघडल्यासारखं होईल म्हणून थांबलो आहे. हेही कदाचित भित्रेपणच असेल.

हातांवर कापड चढवायचं राहिलं आहे, त्यासाठी मात्र तुला बोलावत नाही. ते सिंधूताई शिवून देतील. तू आलीस तर घर तुझं आहे, ज्येष्ठेच्या हातात बांगड्या तूच चढवशील, आणि त्याआधी त्या सात-आठ बायांना बोलावून मी सगळं सांगेन. मीराबाईला पहिल्या ओळीत बसवेन. तू आली नाहीस तरी त्यांना बोलावून सांगेनच. आणि यंदा आपल्याकडे महालक्ष्म्या का आल्या नाहीत असं कोणी विचारलं तर तेही सांगेन. तुझं नाव कुठे येऊ देणार नाही.

अजून काय लिहू? कागद संपत आला. चुकलं असेल ते वाचून घे. महालक्ष्म्यांना महिना राहिला आहे, पण मी महिन्याची गोष्ट करत नाही. या पत्राचं उत्तर लवकर पाठव. येते म्हण, येत नाही म्हण, रागाने चार ओळी लिही, नुसतं कोरं कार्ड टाकलंस तरी चालेल, पत्र पोचलं एवढं कळेल. पोस्टमन साडेअकराला येतो. उद्यापासून मी दारात बसतो आहे. लवकर कळव, पोरी.

तुझा मामाजी म्हणवून घ्यायचं की नाही, ते आता तू ठरवायचं.

चंद्रभान