कढईची दर्शनी बाजू

माय, आज पंधरा ऑगस्ट. झेंडावंदन करून आले, चहाचा कप हातात घेतला आणि तुझी कढई आठवून एकटीच खदाखदा हसले. सून घाबरली. आता तिला काय सांगू, की माझ्या माहेरी पंधरा ऑगस्टला लोक गुळाच्या कढयांत बसून मिरवत!

तेव्हा स्वातंत्र्य अजून नवं होतं आणि मी अगदी लहान. गावात खरी नाव एकच, ती वकिलांच्या आळीनं धरून ठेवलेली. बाकीचे मोहल्ले गूळ आटवायच्या मोठमोठ्या कढया आणत, दोन-दोन जोडून बांधत, मांडवाकडच्या अंगाला पताका लावत आणि बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यातून घाटासमोरून नेत. घाटावर मांडव, त्यात खुर्च्या, भोंगा आणि सगळ्यात सजलेल्या नावेला बक्षीस द्यायला अकोल्याहून आलेले साहेब. सगळ्यांना फुलं आपल्याच मळ्यातली. आपण मात्र दरसाल समोरच्या काठावर चिखलात उभं राहून नावांच्या पाठी बघायच्या.

त्या वर्षी तू चुलीपुढं जाहीर केलंस, "यंदा आपली कढई निंगते."

बाबा भाकर चावत म्हणाले, "सारे फुलं तं वकिलाले देल्ले. आपल्या कढईले काय गवत लावाचं?"

"उरले ते लावतो. लोकाईच्या नावा सजवू सजवू माह्ये हात झिजले. एक डाव मले माह्या फुलाईत बसाचं हाय."

तुझा आवाज असा चढला होता, की बाबा उरलेली भाकर तशीच ठेवून कढई आणायला उठले.

उरलेली फुलं जेमतेम अर्ध्या कढईला पुरली. तू म्हणालीस, मग मांडवाकडची बाजूच सजवू. आणि आपण तिघांनी, चांगल्या धडधाकट डोक्याच्या माणसांनी, एका गोल भांड्याची दर्शनी बाजू ठरवली! झेंडूच्या माळा, गुलछडीचे तुरे, मधे झेंडा, आणि मागच्या काळ्याठिक्कर बाजूला बांबू घेतलेले बाबा. कढईला ना नाक ना शेपूट, जोडीशिवाय एकटी सोडली तर ती पाण्यात गरगरणार, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मांडव येईपर्यंत ती गुणाची राहिली. ऐन साहेबासमोर तिनं गिरकी घेतली आणि बाबांची घामेजलेली पाठ साहेबाच्या पुढ्यात. "अवो, फिरवा ना!" तू ओरडलीस. बाबांनी बांबू रेटला, तशी ती फिरली ती थांबेचना. फुलं, पाठ, फुलं, पाठ.

"थांबवा म्हनलं!"

"अवं, म्या काय बैल हाकून राह्यलो का, थांब म्हनलं का थांबाले?"

मांडवातले लोक पोट धरून हसत होते. मी तुझं लुगडं मुठीत धरून बसले होते आणि मला एका झेंड्याचे दोन दिसत होते. पण समोरच्या काठावर शिट्ट्या सुरू झाल्या. त्या लोकांनी इतकी वर्षं नुसत्या पाठी पाहिलेल्या. फुलं त्यांच्याकडे पहिल्यांदाच येत होती. एक म्हातारी ओरडली, "अवं माळीन, अजून एक डाव!" तू हसलीस. आणि आता बाबांना तूच म्हणालीस, "फिरवा." माय, त्या वेळेइतकी देखणी तू मला पुन्हा कधी दिसली नाहीस.

बक्षीस अर्थातच वकिलांच्या नावेला. साहेब भोंग्यातून म्हणाले, काय फुलं, काय बहार! ते ऐकून तू उठलीस. डोकं गरगरलेलं, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, पाऊल टाकतेस एकीकडे आणि पडतंय भलतीकडे, तशीच पायऱ्या चढून मांडवात शिरलीस. बाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "गेली बाप्पा, इज्जत गेली."

आम्ही खाली पाण्याजवळ, आम्हाला वरचं काही ऐकू येईना. पण पुढं वर्षभर तू ते बोलणं भाजी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलंस, त्यामुळे मला पाठ आहे.

"साहेब, बक्षीस त्याईलेच द्या. पन फुलं कोनाचे हायेत, ते भोंग्यातून सांगा."

वकीलसाहेब घाईघाईनं म्हणाले, "हो, हो, ही आमची माळीण."

"माळीनी गावात लय हायेत. मले नाव हाय."

साहेबांनी ते विचारून घेतलं आणि भोंग्यातून तुझं नाव पुकारून सांगितलं: या वर्षीची सगळी फुलं यांच्या मळ्यातली. दोन्ही काठांवर टाळ्या झाल्या.

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तू आहेस तिथं पोस्टमन जात नाही. हा कागद माझ्या उशीखालीच राहणार, म्हणून सांगून टाकते. बाबांची तू 'अवं', गावाची माळीण, माझी माय. याखेरीज कुणी तुला हाक मारलेली मी ऐकलीच नव्हती. भोंग्यातून ते नाव आलं, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या, आणि टाचा उंच करकरून बघत राहिले, की ही बाई कोण आहे.