शेवट पाहिलेली बहीण

प्रिय ताई (प्रिय लिहिते आहे, पण आज जरा हात आखडूनच),

डबा आला! मानेवालीचा डबा. जाड पुठ्ठ्याची पेटी, वर तिचा मान वळवलेला फोटो, आत तिचे जुने काळे-पांढरे सिनेमे ओळीनं लावलेले. आणि हो, आपला सिनेमा आहे त्यात. इतकी वर्षं डिस्क काढणाऱ्या कंपनीनं तो कुठल्याच संचात घातला नाही, आणि तू गेल्यावर पहिला पोळा येतो न येतो तोच जाहीर केला. याला काय म्हणायचं?

काल तो डबा घेऊन मी तुझ्या घरी, अल्लीपूरला गेले. भाऊजींबरोबर बसून पाहिला. त्यानंतर जे कळलं, त्यानं माझं डोकं अजून भणभणतंय. म्हणून हे पत्र. मला भांडायचंय तुझ्याशी.

मी तुझ्यावर जळायची हे काही तुला नवीन नाही. तुझे केस, तुझी सायकल, आईनं आधी तुला वाढलेली पोळी, सगळ्यावर जळायची. पण ते सगळं लहानपणाबरोबर गेलं. एक जळणं मात्र राहिलं. त्या सिनेमाचा शेवट तू पाहिलेला होतास. मी नव्हता.

आठवतं ना, सिंदीला आपल्या घरी केबल आलं तेव्हा? संध्याकाळचं कार्टून संपलं की त्याच चॅनलवर इंग्रजी सिनेमे लागायचे. बाबा वावरातून येऊन टीव्हीसमोर बसायचे, दोन मिनिटं पाहायचे आणि "काय गिटपिट करून राह्यले कोन जाणे" म्हणत उठून जायचे. मग टीव्ही आपला! इंग्रजी आपल्याला तरी कुठं कळत होतं? पण तू मला गोष्ट सांगत जायचीस. अर्धी पडद्यावरची, अर्धी तुझ्या मनाची. त्या नटीचं नाव आपल्या तोंडात बसेना, म्हणून तू तिला मानेवाली केलंस. दुसऱ्या दिवशी वावराच्या धुऱ्यावरून डोक्यावर टमाट्याची टोपली घेऊन आपण दोघी तिच्यासारखं ताठ मानेनं चालायचो. आई म्हणाली होती, "पोरींच्या माना आखडल्या वाट्टे."

आणि मग तो सिनेमा. डोंगरातलं एकटं घर. मानेवालीचा नवरा लढाईवर गेलेला, मेला असं सगळे सांगतात. ती एकटी शेळ्या सांभाळते, शेत करते, हळूहळू हसायलाही लागते. आणि बर्फाच्या दिवसांत दारावर थाप पडते. खिडकीतून ती पाहते. तोच. ती दाराशी येते, कडीवर हात ठेवते...

आणि लाइन गेली!

तू उठून टीव्हीला चापट मारलीस. टीव्हीचा काय दोष? लाइन आली तेव्हा दुसराच सिनेमा चालू होता. तिनं दार उघडलं की नाही, यावर आपण किती दिवस भांडलो असू! मी म्हणायची उघडलं, रडली, गळ्यात पडली. तू म्हणायचीस, "एवढं सोपं नसते, निमे."

पुढच्या उन्हाळ्यात तू नागपूरला मावशीकडं गेलीस. परत आलीस ती लग्न ठरवूनच. पण मला लग्नाची बातमी नंतर कळली. तू बॅग ठेवायच्या आधी माझ्या कानात म्हणालीस, "मावशीच्या इथं आपला पिक्चर दुसऱ्या एका चॅनलवर पुन्हा लागला होता. रविवारी दुपारी."

"मग? उघडलं दार?"

तू फक्त हसलीस. "डोयानं पाहशीन तवाच कळंन. तुले तर जन्मात ओळखू नाई येनार."

किती विनवण्या केल्या मी! तुझी वेणी घालून दिली, तुझ्या वाट्याची भांडी घासली. तू काही बोलली नाहीस. तू लग्न होऊन अल्लीपूरला गेलीस, मी कॉलेजला वर्ध्याला, मग तिथंच नोकरीला लागले. तू आलीस की मी विचारायची, मी आले की विचारायची. माझ्या लग्नात, अंतरपाटाच्या आधी, हळद लावताना विचारलं. तू माझ्या नाकाला हळद लावलीस आणि म्हणालीस, "थांब जराशी."

मग डिस्कचा जमाना आला, मानेवालीचे संच निघू लागले. पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येक वेळी मी यादी पाहायची आणि आपला सिनेमा नसायचा. कुणी म्हणे हक्कांची भानगड, कुणी म्हणे चांगली प्रत उरलेली नाही. मग फोनवर तिच्या चाहत्यांचा तो ग्रुप सापडला. कुठकुठल्या देशांतली माणसं, सगळी त्याच एका सिनेमाची वाट पाहणारी! कंपनीला अर्ज करायचे, कुणाच्या तळघरात रीळ सापडलं अशा अफवेनं नाचायचे, पुन्हा हिरमुसायचे. वर्ध्यात बसून मला पहिल्यांदा वाटलं, आपण वेड्या नाही आहोत. निदान एकट्या तरी नाही.

आणि मी काय केलं? तुलाही त्यात घेतलं! ग्रुपचा एक कडक नियम होता, कुठल्याही सिनेमाचा शेवट सांगायचा नाही. तुझ्या पथ्यावरच पडलं ते. पहिल्याच दिवशी तू लिहिलंस, "आय हॅव सीन. एंड व्हेरी स्ट्राँग. नो टेल." झालं! तिथली गोरी म्हातारी माणसं तुला "अल्लीपूरची ताई" म्हणून मान द्यायला लागली. तुझ्या मेथीच्या वाफ्याच्या फोटोवरही त्यांच्या टाळ्या. मी एवढं नीट इंग्रजी लिहायची, रात्रंदिवस माहिती जमवायची, आणि मला कोण विचारतंय? मी अल्लीपूरच्या ताईची बहीण. सांग, जळू नको तर काय करू?

तुला वाटेल, दुसऱ्या कुणाला हळूच विचारायचं ना शेवट. नाही विचारला. दुसऱ्याकडून कळला असता तर मी हरले असते. मला तो तुझ्याकडून हवा होता.

दवाखान्यात, तुझ्या किडन्यांनी हात टेकले तेव्हाही मी विचारलंच. लाज सोडून विचारलं. "ताई, आता तरी सांग." तुझे ओठ सुकलेले. तरी तोच लबाड आवाज.

"सांगतलं तर तू मले भेटाले काऊन येशीन?"

मी रागावले होते तेव्हा. असं कुणी बोलतं का? आणि तू गेलीस. शेवट घेऊन गेलीस. तुझ्या दहाव्याला सगळे रडत होते आणि माझ्या मनात रडण्याइतकाच रागही होता. हिनं एवढंसुद्धा दिलं नाही मला!

असो. काल.

भाऊजींनी सकाळीच वांगी आणि सांबाराच्या हिरव्या जुड्या बाजारात पाठवून दिल्या होत्या. दुपारी आम्ही दोघं बसलो. त्यांना इंग्रजी कळत नाही, मी सांगत होते. तुझ्यासारखंच, अर्धं पडद्यावरचं, अर्धं मनाचं. ती थाप पडली. तिनं कडीवर हात ठेवला.

तिनं दार उघडलं, ताई. पण त्याला आत घेतलं नाही. त्याला उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसवलं, आतून गरम पातेलं आणलं, आणि वाढलं. तो खातो, ती दाराच्या चौकटीला टेकून उभी, मान ताठ. तो आत पाहतो. ती सरकत नाही. बस. संपला.

मग माझ्या तोंडून निघालं, "भाऊजी, ताईनं हे एवढं पाहिलं आणि मला शब्दानं सांगितलं नाही!"

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. "तिनं कुठं पाह्यला, निमाबाई?"

"नागपूरला. मावशीकडं."

"थ्या रविवारी तं आमी आलतो तिले पाहाले," ते म्हणाले. "मी, माहे वडील, मामा. आमी दारात आन् मावशीनं टीव्ही बंद केला. ती आत लुगडं बदलाले गेली. मले जन्मभर ऐकवलं तिनं. तिनं कडीले हात लावला आन् तुमी आले, तुमच्यापायी माह्या पिक्चरचा शेवट गेला म्हने."

म्हणजे तूही पाहिला नव्हतास! कडीवर हात, आणि तुलाही तिथंच उठवलं! आणि मग एवढी वर्षं ते हसणं? ते "नो टेल"? ती सगळी गोरी माणसं? ताई, काय बाई आहेस तू!

मी भाऊजींना विचारलं, मग मला खोटं कशाला? सांगावं की नाही, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"मीबी म्हनलं होतं तिले, सांगून टाक लहानीले. तं म्हने, बाबाच्यानं एकीलेच शिकोनं झालं, थे निमीले भेटलं. नोकरी भेटली, वर्ध्यात घर भेटलं. मले तिचं सारं आवडते, पन जळते जी मी. एक शेवट तरी माह्यापाशी राहू द्या."

मी उठून परसात गेले. तुझ्या वाफ्यातली मेथी आता भाऊजी लावतात, तुझ्यासारखी सरळ नाही येत त्यांची. तिथं उभी राहून मी रडले आणि मग हसले. तू माझ्यावर जळत होतीस? माझ्यावर! अगं, एकदा बोलली असतीस तर. दोघी समोरासमोर बसून पोटभर जळलो असतो!

आत आले तर भाऊजी म्हणाले, "थो दरवाज्याचा भाग पुन्हा लावा." लावला. या वेळी ते पुढं सरकून बसले. त्या रविवारी आपल्या येण्यानं काय मोडलं होतं ते त्यांना पाहायचं होतं. संपल्यावर डोळे पुसत म्हणाले, "तिले आवडला असता. तिनंबी असंच केलं असतं. उपाशी नसतं ठेवलं, आन् आतबी नसतं घेतलं."

खरंय. तू पाहिला नव्हतास, पण "एवढं सोपं नसते" हे तूच म्हणाली होतीस. मी मात्र गळ्यात पडण्याच्या पुढं गेले नाही कधी. आता याच्यावरही जळू का?

आणि एक. तू खरं भाऊजींना सांगितलंस. मला खोटं दिलंस आणि त्यांना खरं. काल ते सांगत होते तेव्हा मला त्या साध्या माणसाचा असा हेवा वाटला की त्यांनी दिलेला चहा मला गोड लागेना. हे मी विसरणार नाही. भेटशील तेव्हा पहिलं हेच काढीन.

आज ग्रुपवर सगळ्यांचे डबे पोचलेत. जो तो लिहितोय, अल्लीपूरच्या ताईनं सांगितलं तसाच आहे, व्हेरी स्ट्राँग. तू गेल्याचं त्यांना ठाऊक आहे. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, तुझ्या बहिणीनं नक्की कुठं आणि केव्हा पाहिला होता?

मी लिहिलं, नागपूरला, मावशीकडं, एका रविवारी दुपारी, पूर्ण.

काळजी करू नको. भाऊजी बोलणार नाहीत आणि मी तर मुळीच नाही. शब्द देते. कुणीही विचारलं तरी आपल्या घरात तो शेवट पहिल्यांदा तू पाहिलास. मी तुझ्यानंतर.

तुझी,
अजून जळणारी
निमी