रिकामी पेटी उचलताना

ती. अक्कास,

मंगळवार पेठेतून बापूसोचा पाया पडून जय जिनेंद्र. सदलग्यात सगळे धडधाकट असतील असं धरून चालतो. दाजींचा खोकला गेला का? तू गुडघ्याला अजून तोच पाला बांधत असशील, तर बांधू नकोस असं सांगायचा अधिकार मला राहिलेला नाही, कारण मीही तो टाचेला गुपचूप बांधून बघितला. (गुण आला नाही. वास मात्र आला, तो अजून आहे.) फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुमच्याकडे फोन वाजला की दाजी तो स्पीकरवर टाकून बाहेर सोप्यात सगळ्यांसमोर ठेवतात, आणि मला जे सांगायचं आहे ते सोप्यात सांगण्यासारखं नाही.

मी कसा पडलो ते तुला ठाऊक आहे. कारखान्यात छताखालून जी मोठी क्रेन मी चालवतो, तिच्या केबिनकडे जायला उभी लोखंडी शिडी आहे. तिच्यावरून माझा हात सुटला, मी उभाच्या उभा फरशीवर आलो आणि डाव्या टाचेचा चुरा झाला. तू दवाखान्यात येऊन माझ्यापेक्षा जास्त रडलीस. पुढे प्लास्टर निघालं, काठी सुटली, आणि घरी बसून चहा प्यायची मला सवय लागायला आली होती. तेवढ्यात कंपनीचा निरोप आला की कामावर घेण्याआधी तपासणी होणार. रक्ताची किंवा लघवीची नव्हे, तर या माणसाचं शरीर किती काम पेलतं याची. किती वजन उचलतो, किती चालतो, किती वाकतो, किती चढतो. अक्का, शेवटचा शब्द ऐकला आणि माझी जेवणावरची वासना उडाली. हिने भाकरीबरोबर लोणी दिलं तरी मी वाटी सरकवून ठेवायचो.

त्यात सल्ले देणारे आले. आमच्या कारखान्यातला गुंडू म्हणाला, जरा जरी वजन उचलायला सांगितलं तरी कण्हायचं, म्हणजे बसून करायचं हलकं काम मिळतं. तिथलाच उदयसिंह म्हणाला, कण्हलास तर कायमचा घरी बसशील, दात दाखवून हसत उचल. वर गुंडूनेच जाता जाता सांगितलं, की तिथे हाताची मूठ दाबायचं एक यंत्र असतं आणि खोटं दाबलं तर ते लगेच ओळखतं. आता मला निकाल कुठला हवा होता? नापास झालो तर गेटवर बसून गाड्या मोजायच्या, पास झालो तर पुन्हा ती शिडी. दोन्हीकडून मला धडकी भरलेली. शेवटी मी ठरवलं की डाव्या बाजूला कण्हायचं आणि उजव्या बाजूला हसतमुख राहायचं. (हे घरी आरशासमोर करून बघितलं. आपल्या वडिलांना शेवटी अर्धांगाचा झटका आला होता, तसा चेहरा दिसला, म्हणून लगेच बंद केलं.)

राजारामपुरीत एका दुमजली इमारतीत ती जागा आहे. तपासणारी प्राची मगदूम म्हणून मुलगी, तुझ्या लेकीच्या, स्नेहलच्या वयाची, बारीक चणीची. मला काका म्हणाली, तेव्हा जीव थोडा थाऱ्यावर आला. आमची विजयमाला बरोबर होती. चपला चोरीला जातील म्हणून तिने माझ्या चपला पिशवीत घालून मांडीवर घेतल्या आणि बाकावर अशी बसली, जणू तिचाच पेपर आहे. प्राचीने पहिल्यांदा जमिनीवरची एक पेटी कमरेपर्यंत उचलायला सांगितली. मी गुंडूचं स्मरण केलं, वाकलो आणि जीव खाऊन कण्हलो. ती शांतपणे म्हणाली, "काका, अजून वजन घातलं न्हाई मी. पेटी रिकामी हाय." बाकावरून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळतं.

मग तिने पेटीत खरी वजनं घातली आणि मी इतका घाबरलो होतो की कण्हायचं विसरून सगळी उचलली. ते मुठीचं यंत्र हातात आलं तेव्हा तळव्याला घाम सुटलेला, ते सटकायला लागलं. मी तिला आधीच सांगून टाकलं, की बाई, जे काय निघंल ते खरं समजा. ती हसली आणि रुमाल दिला. पुढे तिने विचारलं, सलग उभं किती राहता येतं? मी म्हणालो, फार नाही, लगेच कळ येते. त्यावर बाकावरून आमच्या घरच्या साक्षीदाराने आपणहून साक्ष दिली, "परवा चुलतभावाच्या लग्नात शेवटची पंगत उठेपर्यंत भाताचं घमेलं घेऊन वाढत हुते की." प्राचीने मान हलवली आणि मी छताकडे बघितलं.

छताकडे बघितलं ते वाईट झालं. तिथे भिंतीला एक शिडी बसवलेली होती. आमच्या कारखान्यातल्या शिडीच्या निम्मीही नसेल, खाली जाड गादी घातलेली, पोरांच्या खेळण्यासारखी. प्राची म्हणाली, तुमच्या कामात चढायचं आहे म्हणून एवढं एक बघते. मी चढायला लागलो. पाय दुखला नाही, अक्का. हे मी तुलाच सांगतो, अजिबात दुखला नाही. थोडं वर गेलो, पुढच्या दांड्याला हात घालायचा म्हणून मागचा सोडायला गेलो, तर बोटं उघडेनात. मी मनात म्हणतोय सोड, आणि हात ऐकत नाही. कानात त्या दिवशीचा आवाज आला, माझ्याच टाचेचा. मग मला खालीही येता येईना. मी शिडीला गाल लावून डोळे मिटून घेतले. किती वेळ गेला कोण जाणे. 

प्राची जवळ आली. हाक मारली नाही, ओढलं नाही. पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, डावा पाय खाली घ्या काका, दांडा हाय तिथं. मग उजवा. असं लहान पोराला उतरवावं तसं तिने मला गादीवर आणलं. पाणी दिलं. मग हळू आवाजात विचारलं, "पाय दुखला, का भ्या वाटलं?"

मी म्हणालो, पाय.

 विजयमालाने मला खोटं पाडलं नाही असा हा पहिलाच प्रसंग. ती खाली बघून पिशवीचे बंद सोडत आणि बांधत होती.

प्राचीनेही वाद घातला नाही. म्हणाली, असं पुष्कळ जणांचं होतं, त्यात लाज कसली. कंपनीला कळवते की उचलणं, चालणं, वाकणं सगळं ठीक आहे, चढायचं काम तेवढं अजून नको. तोवर दर सोमवारी इथे यायचं आणि एकेक दांडा करायचा. मी हो म्हणालो. काय करणार? कारखान्यात दोन बापूसो आहेत. दुसरा स्टोअरमध्ये असतो, म्हणून त्याला खालचा बापूसो म्हणतात आणि मला वरचा. आता खाली दोन झाले. परवापासून मी जमिनीवर कामाला जातोय. कोणी विचारलं तर टाचेवर हात ठेवतो आणि जरा लंगडतो. (कधी कधी चुकून उजव्या पायाने लंगडतो.)

बाकी इकडे सगळं ठीक. काळजी करू नकोस. दाजींना सांग, बापूसो तपासणीत पास झाला.

तुझा धाकटा,
बापूसो

ता. क. : काळजी करू नकोस असं वर लिहिलंय ते दाजींच्या हातात पत्र पडलं तर असावं म्हणून. तू कर. सोमवारी येतेस का? प्राची म्हणाली, घरचं कोणीतरी खाली उभं असलं तर बरं, फक्त ओरडणारं नको. आमची ही ओरडते. दाजींना डोळे दाखवायला जाते म्हणून सांग. मी परत शिडीला चिकटलो तर नुसतं "बापू, खाली ये," एवढं म्हण. आणि हिला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला अजून पायच दुखतो असं वाटतंय.

ता. क. दुसरा : वन्सं, नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडंच दिलं, म्हणून पाकीट वाफेवर धरून उघडलं. मी ओरडते हे खरं हाय. पण हे रोज मला दुकानाला धाडतात आणि माळ्याला शिडी लावून चढून बघतात. मी दुकानाला जात न्हाई. न्हाणीच्या दाराआड तोंडात पदर कोंबून उभी असते, आणि हे उतरले की मागल्या दारानं जाऊन साखर घेऊन येते. घरात साखर लई झालीया. तुम्ही नक्की या. मी बी येणार हाय, काय म्हणायचं ते म्हणू देत. तुम्ही वर त्यांच्याकडं बघा. मी तुमचा हात धरून डोळं मिटून घेईन.

विजयमाला