येते म्हणून गेलेली रुपाली

१२ डिसेंबर, पेठ
उद्यापासून शिबिर. चार दिवस पाठीवर सॅक, हडसर ते निमगिरी चालत जायचं, वाटेत डोंगरातली कामं करायची आणि त्यातच लीडरशिपचं ट्रेनिंग. शेवटी एकाला शिट्टी मिळते, म्हणजे जानेवारीची बॅच त्याची. शिट्टी मलाच मिळावी असं काही नाही. पण दुसऱ्या कुणाला मिळाली तर त्या बॅचचं काय होईल, ही काळजी आहे. मला मिळेल, असं आप्पांना सांगून ठेवलंय.
संकल्प: कुणाच्या चुका काढायच्या नाहीत. फक्त लक्षात आणून द्यायच्या.
सॅक भरली. खात्री करायला उपसून पुन्हा भरली. आई म्हणाली, चार दिवसांना एवढं? नांदायला चाललीस का.

१३ डिसेंबर, हडसरचा पायथा
ट्रेनर नवनाथ सर. कमी बोलतात. नियम सांगितले: डोंगरात मागे काही सोडायचं नाही, कचरा नाही आणि माणूसही नाही. आडोशाला जायचं तर लीडरला सांगून, सॅक वाटेवर ठेवून जायचं. सॅक वाटेवर आहे तोवर कुणी पुढे सरकायचं नाही.
लोणीची रुपाली चढावर म्हणाली, जाते गं जरा आडोशाला. मी लक्षात आणून दिलं की जाते म्हणू नये, येते म्हणावं. शाळेत घालण्याआधी आप्पांनी मला घरीच शिकवलं, त्यातला हा पहिला धडा. रुपालीने विचारलं, आडोशाला जातानासुद्धा? मी म्हटलं, डोंगरात तर विशेष.
संध्याकाळपर्यंत सगळे येतो, येते म्हणायला लागले. पिंपरी पेंढारचा गोरख तर ताट घासायला उठतानाही हात जोडून म्हणतो, येतो मॅडम. चांगल्या सवयी लवकर लागतात.

१४ डिसेंबर, गडावर
टाक्यातला गाळ काढला. घमेल्यांची रांग छान चालली होती, पण सगळे कमरेतून वाकत होते, म्हणून थांबवून गुडघ्यातून कसं वाकायचं ते दाखवलं. थोडा वेळ गेला. गोरख म्हणाला, मॅडम, गाळ वाळाया लागला. रुपाली म्हणाली, तू असल्यावर आपल्याला शिट्टीची गरजच काय. हे सरांनी ऐकायला हवं होतं.
दुपारी गोरख आडोशाला गेला, तेवढ्यात वानरांनी त्याची वाटेवरची सॅक उघडून शेंगदाण्याचे लाडू नेले. सरांच्या नियमातली त्रुटी. मी सुधारणा सुचवली: सॅक बरोबरच न्यायची. सर म्हणाले, उद्या लीडर तू. तुझे नियम तू बघ. आणि एका दिवसापुरती शिट्टी माझ्या गळ्यात घातली.
एवढा विश्वास त्यांनी अजून कुणावर टाकलेला नाही.

१५ डिसेंबर, सकाळी
सर पुढे जाऊन निमगिरीला मुक्कामाचं बघणार. गट माझा. आजचा संकल्प: प्रत्येकाचं नीट ऐकून घ्यायचं. हे लिहीत असताना सर समोर उभे राहून रुपालीबद्दल काहीतरी सांगताहेत. मान हलवली. लिहून झालं की विचारते.

दुपारी सव्वाबारा, फाट्यावर
इथून एक वाट निमगिरीला, दुसरी खाली डांबरी रस्त्याला. रुपाली म्हणाली, येते गं. सॅक बरोबर घेऊन गेली. सुधारली पोरगी. सगळ्यांना पाठ फिरवून बसवलं.

एक वाजता
अजून नाही. हाका मारू दिल्या नाहीत, माणसाला अवघडल्यासारखं होतं. गोरख म्हणाला, लई बिघडलेलं दिसतंय पोट. गटातल्या हर्षालीला म्हटलं, जरा बघून ये. ती म्हणाली, लीडर तू.

पावणेदोन
मीच गेले. सभ्य अंतरावर थांबून करवंदीच्या जाळीला सांगितलं की घाई नाही, सावकाश. उत्तर नाही. ओआरएसचं पाकीट जाळीपाशी ठेवून आले.

संध्याकाळी, निमगिरी
लिहावंसं वाटत नाही, पण खाडा नको.
अडीचला शिट्टी वाजवली. तीनदा, म्हणजे संकट. जवळच्या वाडीतली माणसं काठ्या घेऊन, डबे बडवत आली. सावळेराम नावाचे म्हातारे पुढे होते. विचारू लागले, पोरगी शेवटची कुठं दिसली व्हती? हितं वाघ लई हायेत. आमच्याकडे बिबट्यालाच वाघ म्हणतात, हे मला माहीत आहे. त्या वेळी त्याने काही धीर आला नाही.
सर वरून धावत आले. धापा टाकत विचारलं, कोण हरवलं? मी म्हटलं, रुपाली. सर म्हणाले, अगं, ती घरी गेली. उद्या तिच्या भावाचा साखरपुडा. सकाळी तुला सांगितलं, तू मान हलवलीस.
मी म्हटलं, पण ती येते म्हणाली.
सावळेराम म्हणाले, मंग? घरी जाताना काय जाते म्हनत्यात व्हय?
वाडीतल्या माणसांनी डबे खाली ठेवले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
सरांनी शिट्टी मागितली नाही. नुसता हात पुढे केला.

१६ डिसेंबर, पेठ
जुन्नर स्टँडवर निरोपानिरोपी. सगळे एकमेकांना येतो, येते म्हणत होते. मीही म्हटलं, येते सर.
सर म्हणाले, जा.
घरी आप्पांनी विचारलं, पुन्हा बोलावलंय का? मी सांगितलं की सर बोलण्यात जरा कच्चे आहेत, ये म्हणायच्या ऐवजी जा म्हणाले. आप्पा म्हणाले, पाय धू, जेवायला बस.
शिट्टी कुणाला ते सर नंतर कळवणार आहेत. म्हणजे माझ्यापुरता विषय खुला आहे.

११ जानेवारी, पेठ
नवी बॅच कालपासून सुरू झाली. शिट्टी रुपालीकडे. ती शिबिर संपेपर्यंत थांबलीसुद्धा नव्हती, हे मी मनातही आणणार नाही.
आज तिने फोटो पाठवला. करवंदीची जाळी, खाली ओआरएसचं पाकीट. सोबत लिहिलं होतं, आमच्या बॅचला सापडलेला पहिला कचरा, तुझा का?
आधी नाही असं लिहिलं. खोडलं. हो लिहिलं. पुढे लिहिलं, न्यायला येते.
तिने विचारलं, येते म्हणजे नक्की कोणतं?