सोबत कोण बसणार?

माय, उद्या पहाटेच्या बसनं मला इंदूरला जायचंय. छातीतली एक झडप नीट मिटत नाही, ती बदलायची आहे. घाबरू नकोस, पैशाची सोय झाली. कशी झाली ते ऐकलंस तर तोंडाला पदर लावशील. शेजारच्या सुनेनं माझा फोटो मोबाइलवर टाकला, खाली माझी कहाणी लिहिली, आणि ज्यांनी मला जन्मात पाहिलं नाही त्यांनी पैसे पाठवले. फोटोसाठी मी तुझं जांभळं पातळ नेसून, वेणीफणी करून बसले होते. तर ती म्हणते, "मावशी, शादी में जा रही हो क्या? थोडं दुखी दिसा ना, अशानं कोण देईल?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अगं बाई, मेल्यावर दिसेन दुःखी, आत्ता जिवंत आहे मी!" तेवढं बोलण्यानंच मला धाप लागली, आणि तिनं नेमका तोच फोटो काढला. आता साऱ्या मुलखाला मी तशीच ठाऊक, तोंड वासलेली. नदीपलीकडच्या जैनाबादहून शिलाई टाकायला येणाऱ्या बायकाही म्हणतात, "मावशी, फोटो पाहिला, बहुत बुरा लगा. ऑपरेशनच्या आधी माझे ब्लाउज होतील ना?" ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय. सगळ्यांचे शिवून दिले.

कागदमिलच्या कॉलनीतला तो दिवस मला सारखा आठवतो. मागच्या क्वार्टरमध्ये एकटे राहणारे काका, त्यांच्या पोटाचं ऑपरेशन. मी दारोदार हिंडून वर्गणी गोळा केलीय आणि फ्रॉकच्या घोळात पैसे घेऊन स्वयंपाकघरात धावत येते. तू ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापते आहेस. "माय, सगळ्यांनी दिले!" मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. तू भाकरी उलटलीस आणि विचारलंस, "सोबत कोण बसणार?" मी फ्रॉकचा घोळ पुढे केला. "पैशानं औषध येतं बाई, उठवून बसवायला हात लागतो." मग पिठाचे हात तसेच घेऊन तू गल्लीत उभी राहिलीस आणि मोठ्यानं विचारायला लागलीस, डबा कोण नेणार, दिवसा कोण बसणार, रात्री कोण थांबणार. तुझ्यापुढे नाही म्हणायची कुणाची टाप होती! पहिली पाळी तूच घेतलीस. बाबा कुरकुरले, परक्या माणसासाठी एवढं कशाला. तू चादर काखेत मारलीस आणि म्हणालीस, "परका असला म्हणून त्याला तहान लागत नाही का?" त्या दिवशी पुढच्या भाकऱ्या मी केल्या. सगळ्या करपल्या.

काल दवाखान्यातून फोन आला, "साथ में कौन आ रहा है?" घरचं माणूस असल्याशिवाय भरतीच करत नाहीत म्हणे. घरचा म्हणून एक दादाच उरलाय, तो सुरतला, त्याला स्वतःलाच डोळ्यांनी धड दिसत नाही. शेजारची सून बिचारी येते म्हणाली, पण अंगावरचं पोर टाकून ती येणार कशी? मीच नको म्हटलं. तिच्याकडून मोबाइलवरच्या त्याच पानावर लिहून घेतलं, पैसे पुरले, देव तुमचं भलं करो, आता फक्त एक माणूस हवं, उशाशी बसायला. दिवसभर मोबाइल टिंगटिंग वाजत राहिला. जोडलेले हात, फुलं, लाल बदाम. "गेट वेल सून, आंटी." आणि माय, लोकांनी आणखी पैसे पाठवले गं! रागवायचं तरी कुणावर? माणसं भलीच आहेत. पण मोबाइल बंद केला तेव्हा खोलीत मी आणि शिलाई मशीन, दोघीच. मला रडू आलं. फोटोसाठी आलं नव्हतं ते तेव्हा आलं.

आज सकाळी पुन्हा फोन. "अटेंडेंट का नाम बोलिए आंटी, नहीं तो डेट आगे जाएगी." पुढची तारीख ही झडप बघेल असं मला वाटत नाही. तोंडातून तुझंच नाव गेलं. रिश्ता? मां. उम्र? तू गेलीस तेव्हाची सांगितली, त्यापुढची मला कुठं ठाऊक आहे? पलीकडची मुलगी म्हणाली, "आंटी, मां आपसे छोटी हैं?" मी म्हटलं, "हां, छोटी है." मला वाटलं हसेल, नाहीतर ओरडेल. पण ती हळूच म्हणाली, "आप आ जाइए. मैं बात करती हूं." काय बात करते, भरती करतात की परत पाठवतात, ते उद्या कळेल.

हे पत्र कुठं टाकणार मी? मशीनच्या खणात ठेवते, बॉबिनच्या डबीखाली. पिशवी भरून झाली, कागद घेतले, वाटेसाठी केळी घेतली. आणि हसू नकोस, पण चादरी मी दोन घेतल्यात. एक सोबत बसणाऱ्याची.