मावशीला जर्मनमध्ये काय म्हणतात

३ फेब्रुवारी
ठरलं. जर्मनी. चौदा वर्षं शेवगावच्या दवाखान्यात ‘ब्रदर, सलाईन संपलं’ ऐकत काढली, आता बास. आधी तिकडे नर्स म्हणून नोकरी, मग मास्टर्स, मग मॅनेजमेंट. अश्विनीला सांगितलं. ती बायको असल्यामुळे तिला आनंद लगेच दाखवता येत नाही. आईचं काय, एवढंच विचारलं. आई जानेवारीपासून अर्धांगवायूने पडून आहे. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. म्हटलं, आईसाठीच तर चाललोय.

१० फेब्रुवारी
ऑनलाईन क्लास सुरू. पुण्याच्या भार्गवी मॅडम शिकवतात. म्हणाल्या, घरात कुणाशी तरी रोज जर्मन बोला. अश्विनीला वेळ नसतो. आईला भरपूर आहे. संकल्प: रोज सकाळी आईच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून एक तास. आई चुका काढत नाही, हा मोठा फायदा.

१९ फेब्रुवारी
‘गुटेन मॉर्गन, फ्राऊ गोजरबाई, कसं वाटतंय?’ आज न अडखळता म्हणालो. आईचे डोळे भरून आले. डावा हात सारखा हलवत होती. एका हाताने टाळी वाजत नाही, पण तिचा प्रयत्न होता. तासाभराने अश्विनी आली तर अंथरूण ओलं. म्हणाली, मघापासून भांडं मागत असतील त्या, तुम्ही समोर बसून काय करत होता? चतुर्थी विभक्ती करत होतो. मध्येच सोडली की सगळी विसरते.

२ मार्च
अश्विनीला एकटीला झेपत नाही म्हणे. आमच्या वॉर्डातल्या मावशीला, रतनबाईला, सकाळ-संध्याकाळ घरी यायला सांगितलं. वॉर्डात आमचं उत्तम जमतं. मी ‘मावशीऽ’ म्हणून हाक मारतो, ती भांडं घेऊन येते. पुसणं, धुणं, कूस बदलणं तिचं. इंजेक्शन, सलाईन, सह्या माझ्या. ज्याचं काम त्याने करावं. आता तीच हाक घरीही.

अश्विनी रतनबाईदेखत म्हणाली, “तिकडं जाऊन म्हाताऱ्यांचंच करनार ना तुमी? मग हितल्या म्हातारीनं काय घोडं मारलंय?”

तिला समजावून उपयोग नाही. तिकडे ग्लोव्हज असतात.

४ मार्च
अश्विनीने ग्लोव्हजचा खोका आणून माझ्या खुर्चीवर ठेवला. साईज चुकीची आहे. लहान होतात.

२१ मे
आईच्या कमरेखाली जखम झाली आहे. अश्विनीने दाखवली. मी दारातूनच ओळखली. जर्मन शब्दही लगेच आठवला: डेकुबिटस. तीन महिन्यांपूर्वी आठवला नसता. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी होती, हे अश्विनीला नीट समजावून सांगितलं. ती उठून आईची कूस बदलायला लागली. पटलं असावं.

३० जुलै
परीक्षा पास, दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला माईक खराब होता. दवाखान्यात पेढे वाटले. रतनबाईने विचारलं, तिकडं काय काम असतं ब्रदर? म्हटलं, तुला नाही कळायचं.

६ सप्टेंबर, दुपार
मुलाखत झाली. मोबाईलवर तिकडच्या हॉस्पिटलच्या एक बाई, सोबत भार्गवी मॅडम. वर कोट, खाली बर्मुडा. बाईंचा प्रश्न: ऐंशी वर्षांची पेशंट, एक बाजू लुळी, सकाळी तुम्ही खोलीत गेलात, तिला बेडपॅन हवंय. पहिल्यांदा काय कराल?

नशीब बघा. घरचाच अभ्यास. म्हणालो, मावशीला बोलावीन. मावशीला जर्मनमध्ये टांटे म्हणतात, तेही न अडखळता. बाई म्हणाल्या, तुमच्या आईची बहीण? म्हटलं, नाही, वॉर्डाची मावशी. प्रत्येक वॉर्डाला असते. ती नसेल तर? तर पेशंटचे नातेवाईक. तेही नसतील तर? मग पेशंट थांबेल.

शेवटी विचारलं, चौदा वर्षांत तुम्ही स्वतः कुणाला धुतलं-पुसलं आहे का? छाती पुढे काढून सांगितलं, एकदाही नाही. बाई बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या. इम्प्रेशन चांगलं पडलं.

७ सप्टेंबर
जॅकेट आणलं. बर्फात चालतं म्हणाला दुकानदार. घालून आईला दाखवलं. तिने डोळे मिटून घेतले. वियोगाचं दुःख.

२० सप्टेंबर
नकार. भार्गवी मॅडमचा फोन होता. तिकडे मावशी नसते म्हणे, ते सगळं नर्सनेच करायचं असतं. हे आधी का नाही सांगितलं? पहिल्याच धड्यात होतं म्हणाल्या. शिवाय बाईंनी विचारलंय, त्या टांटेची यायची तयारी आहे का. मॅडम हसल्या नाहीत, त्यामुळे चेष्टा होती की काय, कळलं नाही. रतनबाईला बोललो नाही.

संकल्प: असं काय अवघड आहे त्यात? उद्यापासून आईचं सगळं मी करणार. दुसरं हॉस्पिटल बघू.

२१ सप्टेंबर
ड्यूटी होती.

२६ सप्टेंबर
पाठ धरली आहे. जॅकेट घालून झोपलो, त्याने असेल.

५ ऑक्टोबर
अश्विनी काष्टीला माहेरी. रतनबाई पाथर्डीला नातवाच्या बारशाला. घरात मी आणि आई.

सकाळी आईने डावा हात हलवला. आज मला कळलं. ग्लोव्हज घातले, जमले. भांडं घेऊन कॉटपर्यंत गेलो. वास आला तरी मागे फिरलो नाही. पांघरुणाला हात लावला, तर आईने ते डाव्या मुठीत गच्च धरलं. माझ्याकडे बघत राहिली. वाकड्या तोंडाने जोर लावला, आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा शब्द बाहेर आला.

“मावशी.”

म्हटलं, आई, आज मावशी नाही. मी आहे. मी नर्स आहे.

“मावशीला बोलाव.”

स्पष्ट. मी रोज दारातून अश्विनीला म्हणतो, अगदी तसंच. मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

वाचा आली म्हणून आनंद व्हायला पाहिजे होता. नाही झाला. फार लागलं.

रतनबाईला फोन केला. जेवणं उरकली की मिळेल ती एसटी धरते म्हणाली. म्हणजे संध्याकाळ.

ग्लोव्हज काढले. दारात खुर्ची टाकून बसलोय. आई थांबली आहे.