पानाच्या डोक्याला टेकलेला स्तंभ

९ फेब्रुवारी, सकाळी
कॉलेजाला पंचावन्न वर्षांनी माझी आठवण आली. पत्र नाही, फॉर्म. आर्किटेक्ट झालेल्या माजी विद्यार्थ्यांचं पगार आणि करिअर सर्वेक्षण! आमच्या वेळी पगार विचारणं बाईमाणसाला वय विचारण्याइतकं असभ्य होतं. नाव मात्र विचारलेलं नाही. भिकारडा फॉर्म. भरणार नाही.

दुपारी
भरला. नोकरी की स्वतःचं ऑफिस? स्वतःचं ऑफिस. (मागची खोली. शेवटचं काम सात वर्षांपूर्वीचं, शेजाऱ्यांची कुंपणभिंत. अजून उभी आहे.) मासिक उत्पन्न? खरा आकडा लिहिला तर कॉलेजचीच मान खाली जायची. माझ्या योग्यतेला शोभेल असा लिहिला. नंतर तोही हलका वाटला, एक शून्य वाढवलं. 'इतर शेरा' या रकान्यात हल्लीच्या रुक्ष पोरांसाठी माझ्याच दोन ओळी:

वीट विटेला देई खांदा, भिंत तेधवा उभी
जिना म्हणे मी नमतो म्हणुनी चढते दुनिया नभी

वर्गात एके काळी अशा ओळी घोकून घेत. आता काय घोकतात? पासवर्ड.

१४ मे, सोमवार
नात त्याच कॉलेजातून आर्किटेक्ट झाली. रक्त बोलतं. मुलाच्यात बोललं नाही, तो विम्यात आहे.
तिला नोकरी आली आहे. जुन्या शाळा, दवाखाने दुरुस्त करणारं पाच माणसांचं ऑफिस. प्रमुख एक बाई. शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवायचं. माझी नात लोकांची गळती शोधत हिंडणार? म्हणाली, आजोबा, मला फार आवडलं तिथे, बाई मला थेट छपरावर घेऊन गेल्या. छपरावर माकडंही जातात.

१५ मे
सर्वेक्षणाचा अहवाल आला. सूनबाईंनी छापून आणला. बँकेत असते, म्हणून आकडे आपल्यालाच कळतात असा तिचा समज. म्हणाली, बाबा, खालच्या टिपा वाचा हं. पन्नास वर्षं नकाशे वाचले मी! मला टिपा शिकवते.
पानभर उभे स्तंभ. ड्रॉवरमधून नकाशे मोजायची तिकोनी स्केल काढली. आमच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असे: पट्टी लावून माप घेऊ नये, लिहिलेलं माप धरावं. एका ज्युनिअरने तरीही पट्टी लावलीच. दरवाजा आखूड झाला आणि क्लायंट जन्मभर स्वतःच्या घरात वाकून शिरला. गाढव होता. पण हा काही नकाशा नव्हे.
मोठी फर्म, तेवीस मिलिमीटर. सरकारी नोकरी, एकवीस. लहान ऑफिस, एकोणीस. स्वतःचं ऑफिस, दोनशे चार! पानाच्या डोक्याला टेकलाय.
डोळे भरून आले. आयुष्यभर सोन्याच्या खाणीत बसलो होतो आणि मला पत्ता नाही! कोण असतील हे एवढं कमावणारे? माझ्याच पिढीचे असणार. हल्लीच्यांत कुठलं एवढं पाणी?

१६ मे
ठरलं. नातीने नोकरी नाकारायची. मागच्या खोलीत आजोबा आणि नात, आर्किटेक्ट्स. तिथे सूनबाईंचं वॉशिंग मशीन आहे. हलवता येईल.
पेंटरला पाटी सांगितली. विचारतो, काका, नाव तुमचं मोठं काढू की पोरीचं? अडाणी.
नातीला स्तंभ दाखवला. बराच वेळ बघत राहिली. एवढं खरंच मिळतं, आजोबा? म्हटलं, छापलेलं आहे. मग तुम्हाला मिळायचं? म्हटलं, तेव्हा सर्वेक्षण नव्हतं.

१७ मे
नातीने बाईंकडे सोमवारपर्यंत मुदत मागितली. बाई म्हणाल्या, उद्या पाचपर्यंतच, दुसरा मुलगा टपून बसलाय. मग घ्या की त्याला! उद्धट बाई.
नात ताटावरून अर्धपोटी उठली. थोर निर्णयाआधी भूक मरतेच. सूनबाई मला म्हणाली, बाबा, पोरीच्या आयुष्याशी खेळताय. बँकेतल्या माणसाला स्वप्न दाखवा, तो तारण मागतो.

१८ मे, शुक्रवार, दुपारी चार
पाटी आली. माझं नाव मोठं. शोभतं.

पावणेपाच
पाटी कशी दिसते, विचारायला गेलो तर नात अहवालाच्या टिपा वाचत बसलेली. मोठ्याने वाचून दाखवलं: 'स्वतःचं ऑफिस. प्रतिसाद, एक.' मग पान उलटून शेरे वाचायला लागली. वीट विटेला देई खांदा... आणि थांबली. दुसरी ओळ कागदाकडे न बघता म्हटली. लहानपणी मांडीवर घेऊन मीच पाठ करून घेतलेली.
सूनबाई ओले कपडे हातात घेऊन दारात. तिथेच खाली बसून हसायला लागली.
नात हसली नाही. म्हणाली, आजोबा, शून्यं किती वाढवलीत? म्हटलं, एकच. म्हणाली, त्या एका शून्यापायी मी छप्पर सोडत होते.
फोन घेऊन गच्चीवर धावली. नंबर लागत नव्हता म्हणे. मी जिन्याखाली उभा होतो. वर जायचा धीर झाला नाही. गुडघे दुखतात हल्ली.

२१ मे
नात कामावर गेली. पाचला तीन मिनिटं कमी असताना फोन लागला होता. बाईंकडे अजून कागदाचे नकाशे आहेत म्हणून माझी तिकोनी स्केल मागितली. दिली. दारातून वळून म्हणाली, लिहिलेलंच माप धरेन हं, आजोबा. मला शिकवते.
पेंटर पाटी परत घेत नाही. सूनबाईंनी ती मशीनखाली सरकवली. मशीन डुगडुगत होतं, आता स्थिर आहे.

२९ मे
कॉलेजाचा सुधारित अहवाल. 'एक प्रतिसाद अविश्वसनीय वाटल्याने वगळला आहे.' अरसिक लेकाचे. दोन ओळीही वगळल्या.
'स्वतःचं ऑफिस' इथे स्तंभ नाही, नुसती तळची रेघ. सवयीने ड्रॉवर उघडला. स्केल नातीकडे आहे.
शेजारी माप लिहिलेलं होतं. वाचलं. शून्य.